खोट्या खड्याचा खरा गुण

गेल्या श्रावणांत घिवलीस आत्याबाईंकडे गेलों असतां त्यांच्या नातसुनेच्या नथींतला एक खडा निखळून पडला. सारें घर शोधूं लागलें, तोंच आत्याबाई म्हणाल्या, “अमेरिकन डायमंडच तो! खोट्या खड्यासाठीं एवढी धांदल कशाला?” खडा सांपडला, परंतु त्याची ही अवहेलना आमच्या मनास रुचली नाहीं. म्हणून या महिन्याचें टिपण त्याच खड्याविषयीं.

हा खडा म्हणजे झिर्कोनियम धातूचें भस्म, म्हणजेच ऑक्साइड. त्याला झिर्कोनिया म्हणतात. घिवलीस या धातूचा शेजार जुना आहे. जवळच्या तारापूर अणुविद्युत्-केंद्रांत १९६९ सालापासून युरेनियमचें इंधन ज्या बारीक नळ्यांत भरतात, त्या झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या असतात. कारण हा धातु न्यूट्रॉन फारसे गिळत नाहीं. धातूचें काम हें असें. भस्माचें काम याहून निराळें आणि अधिक नवलाचें.

शुद्ध झिर्कोनिया सुमारें ११७० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापविला कीं त्याची घडण पालटते, आकारमान बदलतें आणि तो तडकतो. त्यांत यिट्रियम धातूचें थोडें भस्म मिसळलें म्हणजे घडण स्थिर राहते. परंतु यिट्रियमचा अणु झिर्कोनियमपेक्षां कमी प्राणवायु बाळगतो. म्हणून पंगतींत कांहीं पाट रिकामे राहतात. दोन यिट्रियम-अणूंमागें एक पाट रिकामा, असा हिशेब आहे. उष्णता पुरेशी असली म्हणजे प्राणवायूचे विद्युद्भारित अणु एका पाटावरून शेजारच्या रिकाम्या पाटावर सरकत त्या घन पदार्थांतून पार जातात. इलेक्ट्रॉनांस मात्र ही वाट बंद असते.

या गुणावरच घन-ऑक्साइड इंधनघट उभा आहे. जर्मन शास्त्रज्ञ नेर्न्स्ट यांनीं १८९७ सालच्या सुमारास या जातीच्या मिश्रणाचा विजेचा दिवा केला. १९३७ सालीं स्वित्झर्लंडमध्यें बाउर व प्राइस यांनीं अशा पदार्थाचा घट चालवून दाखविला. घटाचे थर तीन. मध्यें झिर्कोनियाचा पापुद्रा. नव्या घटांत तो केसाहूनही पातळ असतो. एका अंगास लँथॅनम, स्ट्राँशियम व मँगॅनीज यांच्या संयुक्त ऑक्साइडाचा सच्छिद्र थर; तेथें हवा खेळते. दुसऱ्या अंगास निकेल व झिर्कोनिया यांचा सच्छिद्र थर. तेथें हायड्रोजन किंवा मिथेन हें इंधन. प्राणवायु पापुद्र्यांतून येऊन इंधनास भेटतो, आणि मोकळे झालेले इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेनें फिरून जातात, तीच वीज. ज्वाला नाहीं, फिरणारें चाक नाहीं. तरी इंधनाच्या निम्म्याहून अधिक शक्तीची वीज होऊं शकते. एका घटाचा दाब जेमतेम एक व्होल्ट, म्हणून पुष्कळ घट थप्पीनें रचतात.

मग हा घट घरोघर कां नाहीं? लोणच्याच्या बरणींत एकदम कढत पाणी ओतून बसलेल्या गृहिणीस याचें उत्तर ठाऊक आहे. घट सुमारें ७०० ते १००० अंशांवर चालतो. तापतांना प्रत्येक थर निराळ्या मानानें फुगला, तर पापुद्रा तडकलाच म्हणून समजावें. निकेल झिर्कोनियाहून अधिक फुगतें; त्यांत झिर्कोनियाच कालवून तें आवरावें लागतें. घट जोडणाऱ्या पोलादी पत्र्यांतील क्रोमियम वाफेच्या रूपानें उडून हवेकडील थरास बाधतें. इंधनांत गंधकाचा अंश असला तर निकेल निकामी होतें. म्हणून शेणवायु आधीं शुद्ध करून घ्यावा लागतो. बरें, उष्णता कमी करावी, तर पंगतींतली सरकासरक मंदावते. पापुद्रा पातळ करण्याचा खटाटोप त्यासाठींच आहे. शिवाय मिथेन वापरलें कीं कर्बवायु निघतोच, हेंही विसरतां येत नाहीं.

आत्याबाईंस हें सारें सांगितलें. त्यांनीं चष्मा लावून खडा उजेडांत धरला, पुन्हां पुन्हां न्याहाळला, आणि नातसुनेस म्हणाल्या, “उद्यां सोनाराकडे जा, आणि नीट बसवून घे हो.”