अर्जातला ‘नाही’



आज थोडं कडू लिहिणार आहे. पण आधी माझी चूक सांगते.

सहा वर्षांपूर्वी ह्यांना पहाटे छातीत दुखू लागलं. प्रकाशाहून शहादा, तिथून तडक सुरत. दोन स्टेंट टाकले. आरोग्य विमा होता, म्हणून मी निर्धास्त होते. पण दावा नामंजूर झाला. ह्यांना आठ वर्षांपासून बीपीची गोळी चालू होती आणि अर्जात त्या रकान्यात ‘नाही’ लिहिलेलं होतं. एजंट म्हणाला होता, “काकू, ‘हो’ लिहिलं तर हप्ता वाढेल.” मी बी.कॉम. झालेली, घरचा जमाखर्च मीच लिहिते. विम्याच्या पहिल्याच धड्यात परम विश्वासाचं तत्त्व शिकले होते. तरी तो ‘नाही’ माझ्याच हातचा. मुदत ठेव मोडली, माझ्या पाटल्या गेल्या.

आपण प्रतिक्रमणात मृषावादाची आलोचना करतो आणि घरी येऊन अर्जात खोटं लिहितो. हे एकट्या माझं नाही. आपल्या समाजात हृदयविकार लपवायची रीतच पडली आहे. नातीचं लग्न जमायचं आहे, आजीला हार्टचं आहे हे बाहेर कळायला नको! मग आजीची तपासणी लांबते, विमा राहून जातो, आणि शेवटी ऐन रात्री गाडी सुरतेकडे धावते.

कुणी म्हणेल, वेदनीय कर्म आहे, भोगायलाच हवं. कबूल. पण भोग आपला, कर्ज मात्र मुलाच्या डोक्यावर, हा कुठला न्याय? आणि अर्जातलं खोटं हे तर नवीन कर्म बांधणं झालं.

दुसरी म्हणते, मुलाच्या कंपनीचा विमा आहे ना! मुलाची नोकरी सुटली की तो विमाही सुटतो.

तिसरी म्हणते, आता या वयात कोण देणार? पूर्वी पासष्टीनंतर नवा विमा मिळणं अवघड होतं. एप्रिल २०२४ पासून विमा नियामकाने ती वयाची मर्यादा काढली. आधीपासून असलेल्या आजारासाठी थांबायची मुदतही जास्तीत जास्त ४ वर्षांवरून ३ वर्षांवर आणली. प्रत्येक कंपनी ‘हो’ म्हणेलच असं नाही. आम्हाला दोघांनी नाकारलं, तिसरीने वाढीव हप्ता घेऊन दिलं. अर्जात स्टेंटसकट सगळं लिहिलं, तीन वर्षं थांबलो. आता रात्री झोप लागते.

सलग ५ वर्षं हप्ते भरले की माहिती लपवली म्हणून दावा नाकारता येत नाही, असा नियम आहे. तो ऐकून कुणी हुशारी करू नये. सिद्ध झालेली फसवणूक त्यातून वगळली आहे, आणि जाणूनबुजून लिहिलेला ‘नाही’ म्हणजे दुसरं काय?

सरकारी योजना ‘आपल्यासाठी नसते’ हाही खोटा तोरा सोडा. महात्मा फुले जनआरोग्य योजना १ जुलै २०२४ पासून पांढऱ्या रेशनकार्डालाही लागू आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. सासूबाईंचं कार्ड काढलंत का? मात्र ही कार्डं यादीतल्या हॉस्पिटलांतच चालतात. म्हणून सुरतेचं असो की धुळ्याचं, आपलं कार्ड तिथे चालतं का, हे बरं असतानाच विचारून ठेवा.

आता खर्चाचं. हप्ता वर्षातून एकदा येतो म्हणून जड वाटतो. मी बँकेत वर्षाची आर.डी. लावली आहे, दर महिन्याला भाजीच्या हिशेबाशेजारी तिची नोंद. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे, तेव्हा पावती नीट पाहा. स्टेंटच्या किमतीवर फेब्रुवारी २०१७ पासून सरकारी मर्यादा आहे. बिलात स्टेंटचं नाव आणि किंमत वेगळी लिहून मागा, तो आपला हक्क आहे. रोजच्या गोळ्यांसाठी डॉक्टरांना विचारून जनऔषधी दुकानात जा. पण पैसे वाचवायला किंवा अठ्ठाईसाठी म्हणून आपल्या मनाने गोळी बंद करू नका.

आणि शेवटचं. घरात विमा असतो तेव्हा त्यात तुमचं नाव आहे का? पुरुषांचं आधी, आपलं ‘पुढच्या वर्षी’, असं किती वर्षं चालणार? पारण्याच्या जेवणावळीला आपल्याकडे पैसे निघतात, मग आपल्या हप्त्यालाही निघतील.

आज दुपारी सामायिक झाल्यावर घरातली पॉलिसी कपाटातून काढा. कोरा अर्ज असेल तर एजंटच्या हातात सही करून देऊ नका. प्रत्येक रकाना स्वतः वाचा. जिथे खोटा ‘नाही’ सापडेल, तिथे कंपनीला लेखी कळवा. हप्ता वाढला तर वाढू द्या. मी सहा वर्षांपूर्वी तो वाचवला आणि पाटल्या घालवल्या.