निवडणुकीची सावड

आमच्या वसई तालुक्यात एक नवा धंदा निघाला आहे. त्यास भांडवल लागत नाही, शाळेचा दाखला लागत नाही, अंगी कसब लागत नाही. निवडणूक लागली की तरुण पोराने सकाळी नाक्यावर जाऊन उभे राहावे. टेम्पो येतो, एक टोपी, एक गळपट्टा व एक झेंडा हाती देतो, आणि ज्याचे नाव सांगतील त्याचा दिवसभर जयघोष करून घेतो. दुपारी वडापाव, रात्री बिर्याणी, वर हातावर दिवसाची हजेरी. दुसऱ्या दिवशी टेम्पो दुसऱ्याचा, टोपी दुसऱ्या रंगाची, घसा मात्र तोच! या पोरांस लोक कार्यकर्ते म्हणतात. आम्ही त्यांस मजूर म्हणतो, आणि त्यात त्यांची निंदा नाही. मजुरी करणे हे पाप नव्हे. पण ही मजुरी करून पोरगा ज्यास निवडून आणतो, त्यास पुढे दारी बोलावण्याचा हक्क त्याने त्या हजेरीबरोबरच विकलेला असतो. मजुराचे दाम चुकते झाले की मालक मोकळा. मग गटार तुंबले म्हणून हा पोरगा नगरसेवकाकडे जातो, तेव्हा तो मनात म्हणतो, याचे आमच्याकडे काय येणे राहिले?

शेतकरी बंधूंनो, भाताच्या लावणीचे दिवस आठवा. मजूर लावण्याची ऐपत नसलेल्या घराचे शेत कसे लागते? सावडीने लागते. आज तुमच्या खाचरात आमच्या घरची चार माणसे, उद्या आमच्या खाचरात तुमच्या घरची चार. देशावर हिलाच इर्जिक म्हणतात. तेथे पैसा हातात पडत नाही, पण काम फुकटही जात नाही. जो दुसऱ्याच्या सावडीवर जेवून येतो व आपली पाळी आली की पोट दुखते म्हणून घरी निजतो, त्यास गाव पुढल्या साली विचारीत नाही. आमचे म्हणणे एवढेच, की निवडणुकीचे काम मजुरीने करू नका, वेठीनेही करू नका, सावडीने करा. उमेदवारासाठी फुकट राबा, आणि त्याच्याकडून पाच वर्षे पाळीची माणसे मागून घ्या.

कोणी शहाणा म्हणेल, मास्तर, हे तुमच्या चौथीच्या पुस्तकात शोभते. निवडणूक पैशाने होते. त्यास आम्ही आमच्याच तालुक्याचे उदाहरण देतो. ३ जुलै २००९ रोजी वसई, विरार, नालासोपारा व नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका आणि भोवतालची ५३ गावे एकत्र करून वसई-विरार महापालिका करण्यात आली. गास, निर्मळ, वाघोली, भुईगाव अशा गावांनी सांगितले की आमच्या वाड्या, आमच्या विहिरी, आमची ग्रामपंचायत आम्हांस राहू द्या. ऐकतो कोण! १९९० पासून वसईची विधानसभेची जागा एकाच नेत्याच्या हाती होती. तेथे दुसऱ्या कोणाचा निभाव लागेल असे शहरातल्या जाणत्यांस वाटत नव्हते. पण त्याच साली ऑक्टोबरात गावांचा लढा चालविणारे विवेक पंडित अपक्ष उभे राहिले आणि निवडून आले. शिवसेनेचा त्यांस पाठिंबा होता हे खरे, ते आम्ही झाकून ठेवीत नाही. तरी नुसत्या पाठिंब्याने जागा फिरत नसते. गावे आपणहून उठली होती, म्हणून ती फिरली. पुढे २०१० साली महापालिकेची पहिली निवडणूक झाली, तीत जनआंदोलन समितीचेही नगरसेवक निवडून गेले. पैसा मोठा खरा. पण तो सर्वशक्तिमान नाही, हे या मातीतच एकदा दिसले आहे.

मग पुढे काय झाले? हा भाग कडू आहे, पण सांगितला पाहिजे. २०११ साली सरकारने २९ गावे महापालिकेतून वगळण्याचा निर्णय केला. महापालिका हायकोर्टात गेली, निर्णयास स्थगिती मिळाली, आणि कागद तेथे वर्षानुवर्षे धूळ खात पडले. २०२४ साली सरकारनेच फिरून ती गावे महापालिकेत घातली. लाठ्या खाणारे लोक मधल्या काळात म्हातारे झाले. लढा खोटा नव्हता, आणि गावे आत असावीत की बाहेर यावर आजही गावागावांत दोन मते आहेत. आम्हांस दिसते ती गोष्ट निराळी आहे. मतमोजणीच्या रात्री गुलाल उधळला गेला आणि बहुतेक मंडळी सावड उरकली असे समजून घरी गेली. लावणी झाली म्हणजे भात घरात आले काय? बेणणी कोणी करायची? पाखरे कोणी हाकायची?

जून २०२० मध्ये महापालिकेतल्या नगरसेवकांची मुदत संपली. त्यानंतर साडेपाच वर्षे निवडणूकच नाही! आधी साथीचे कारण, मग प्रभागरचनेचे, मग मागासवर्गीयांच्या आरक्षणाच्या खटल्याचे. ६ मे २०२५ रोजी सुप्रीम कोर्टाने बजावले तेव्हा कोठे गाडा हलला, आणि १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले. इतकी वर्षे कारभार एका प्रशासकाच्या सहीवर चालला. या काळात घरपट्टी द्यायची आपण, आणि ती कोठे खर्ची पडली हे सभागृहात विचारणारा आपला एकही माणूस नाही! ज्या आरक्षणासाठी आपल्या आज्या-पणज्यांच्या पिढीने सभा घेतल्या, त्याच आरक्षणाच्या वादाचा बांध घालून आपल्याच दारचे पाणी अडविले गेले. आणि आपण? आपण त्या साडेपाच वर्षांत किती अर्ज केले, किती मोर्चे काढले, ते ज्याने त्याने मोजावे.

पण सारा दोष प्रशासकावर टाकून हात झटकणे आम्हांस मान्य नाही. नालासोपाऱ्याच्या अग्रवाल नगरीत सांडपाण्याचा प्रकल्प व कचराभूमी यांसाठी राखून ठेवलेल्या जागेवर ४१ इमारती उभ्या राहिल्या. हायकोर्टाच्या हुकुमाने त्या पाडल्या गेल्या आणि २०२५ सालच्या आरंभी सुमारे अडीच हजार कुटुंबे रस्त्यावर आली. ज्यांनी आयुष्याची कमाई घालून खोली घेतली ते रडत होते. ज्यांनी खोली विकली ते तेथे नव्हते. पुढे २६ ऑगस्ट २०२५ च्या रात्री विरारला रमाबाई अपार्टमेंट कोसळून १७ माणसे मेली. तीही इमारत बेकायदा. या इमारती एका रात्रीत भुईछत्रासारख्या उगवल्या काय? नगरसेवक होते तेव्हाच त्या उभ्या राहिल्या. तेव्हा वॉर्डात माणूस होता, पण तो कोणाचा होता? ज्याने त्याच्या प्रचाराची गाडी, मंडप, बिर्याणी व हजेरी पुरविली त्याचा. खर्च करणारा कोणी वेडा नाही. तो निवडणुकीत बियाणे पेरतो आणि आपल्या मिठागरांवर, वाड्यांवर व नाल्यांवर पीक काढतो. जुलै २०१८ च्या पावसात वसई दिवसचे दिवस पाण्यात बुडाली आणि मिठागरातली कुटुंबे अडकून पडली. पाण्याची वाट कोणी बुजविली हे पाण्यास बरोबर ठाऊक होते. आपणच विचारले नाही.

जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. तेही लोकांनी निवडलेले नव्हेत, सरकारने नेमलेले. १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास यायचे ठरले, तेव्हा त्यांच्या स्वागतासाठी शहर शृंगारण्यास एक हजार रुपये खर्चावे असे नगरपालिकेत निघाले. एकटे जोतीराव विरुद्ध गेले. गरिबांच्या शिक्षणावर हे पैसे लागावेत असे त्यांचे म्हणणे. ठराव मंजूर झालाच, पण ‘नाही’ असा एक शब्द त्या दप्तरात राहिला. ज्याच्या डोक्यावर कोणाचे देणे नव्हते असाच माणूस तो शब्द उच्चारू शकला. त्यांच्या सत्यशोधक समाजाने देव आणि माणूस यांच्यामध्ये दलाल नको म्हणून सांगितले. आज मत आणि सरकार यांच्यामध्ये दलाल बसला आहे, आणि त्याची दक्षिणा भरण्यास आपली पोरे टेम्पोत चढतात.

तेव्हा स्वयंसेवकाने करायचे काय? घोषणा देणे हे सर्वांत हलके काम. पहिले काम मतदारयादीचे. यादीचे काम सरकार पुष्कळदा आम्हा शाळामास्तरांच्याच गळ्यात घालते, म्हणून तिची दुखणी आम्हांस ठाऊक आहेत. मेलेली माणसे यादीत जिवंत असतात; लग्न होऊन गेलेली लेक माहेरी व सासरी दोन्हीकडे मतदार असते; आणि सूर्या धरणापासून पाणी आणणाऱ्या नळजोडणीवाल्या घराचे नाव मात्र गायब. २०२५ साली नालासोपाऱ्यात एकाच बाईचे नाव सहा वेळा सापडल्याचे वर्तमानपत्रांत आले. महापालिकेच्या या वेळच्या निवडणुकीत संशयित दुबार नावांपुढे दोन तारे छापावे लागले. कच्ची यादी लागते तेव्हा हरकतीस मुदत थोडी असते. त्या दिवसांत दहा घरांमागे एक पोरगा किंवा पोरगी यादी घेऊन फिरली, तर टेम्पोच्या शंभर फेऱ्यांपेक्षा जास्त काम होते. यादी वाचण्यास घसा लागत नाही, डोळे लागतात.

दुसरे काम मतदान केंद्रातले. मतदान सुरू होण्यापूर्वी यंत्रावर चाचणी मतदान घेऊन ते रिकामे असल्याचे उमेदवारांच्या प्रतिनिधींस दाखवितात. केंद्रावर अधिकारी म्हणून आम्ही पुष्कळ वेळा बसलो. पहाटे त्या वेळेस मोठ्या पक्षांची माणसे डोळे चोळीत का होईना, हजर असतात. गरिबाच्या उमेदवाराची खुर्ची रिकामी असते! मग दिवसभर कोण आले, कोणाच्या नावावर कोण आले, हे पाहणार कोण? आणि संध्याकाळी हरले की झाडाखाली बसून यंत्रास शिव्या. खुर्चीत माणूस असता तर शिव्यांपेक्षा हरकतीचा कागद जड झाला असता.

यंदा हे काम जास्तच अवघड झाले होते. ११५ जागा २९ प्रभागांत बसविल्या आणि एका प्रभागात बहुधा चार नगरसेवक. पूर्वीच्या लहान वॉर्डात जो सुतार, जो कोळी, जी भाजीवाली आपल्या चार आळ्यांच्या ओळखीवर उभी राहत असे, तिला आता चार गावे व दहा कॉलन्या पालथ्या घालाव्या लागतात. चारचाकीवाल्यास प्रभाग मोठा झाला काय नि लहान झाला काय! पायी चालणाऱ्यासच तो मोठा होतो. अशा वेळी पायी चालणारे शंभर झाले तरच जमायचे, आणि ते शंभर विकत घेण्याइतके पैसे भाजीवालीपाशी असते तर ती भाजी विकत बसली नसती.

आता आपल्याच घरातले बोलू. उमेदवार निवडताना आपण पहिली गोष्ट विचारतो ती जात. आगरी आगऱ्याकडे पाहतो, वाडवळ वाडवळाकडे, भंडारी भंडाऱ्याकडे, कुपारी कुपाऱ्याकडे. कोळीवाड्यात कोळी, पाड्यावर वारली. आपला माणूस आत जावा ही इच्छा वाईट नाही. ज्यांस शतकानुशतके उंबऱ्याबाहेर ठेवले त्यांनी ती धरलीच पाहिजे. पण बिल्डर मूर्ख नाही. प्रत्येक जातीत त्याने एकेक दांडा हेरून ठेवलेला असतो. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगीच केली नाही. म्हणून जात पाहिलीत तर त्याच डोळ्याने त्याची जमिनीची कागदपत्रेही पाहा. उमेदवारी अर्जाबरोबर मालमत्तेचे व गुन्ह्यांचे शपथपत्र जोडावे लागते, ते लोकांस वाचावयास मिळते. आमच्या गावात लग्नाच्या पत्रिकेतली नावे ओळीने वाचून रुसणारे पुष्कळ आहेत. शपथपत्र वाचून रुसणारा आम्ही अजून पाहिला नाही.

बायांसाठी निम्म्या जागा २०११ पासून राखल्या गेल्या. माउल्यांनो, तुमच्या नावाने तुमचे यजमान सही करतील तर ती जागा राखून काय मिळविले? तुमच्यातल्या उभ्या राहिलेल्या बाईबरोबर दुसऱ्या दहा बायांनी दारोदार फिरावे. चुलीपर्यंत जाण्याची वाट तुम्हांसच मोकळी आहे.

आम्ही शाळेचे नोकर. आम्हांस कोणाचा झेंडा धरता येत नाही, कोणास मत द्या म्हणून सांगता येत नाही, आणि तो नियम योग्यच आहे. मास्तर पक्षाचा झाला तर पोरे कोणाची? पण वाचणे आणि हिशेब करणे शिकविण्यास कोणता कायदा आड येतो? निवडणुकीनंतर तीस दिवसांत उमेदवारास खर्चाचा हिशेब द्यावा लागतो. न दिला तर पुढे उभे राहण्यास अपात्र ठरू शकतो. मोठ्याकडे त्यासाठी कारकून असतो, गरिबाचा उमेदवार येथेच फसतो. सावडीने काम करणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून वही घालावी. कोणी रॉकेलचा डबा दिला, कोणी पत्रके वाटली, कोणी रिक्षा दिली, सारे तारखेनिशी. निवडून आला तरी ती वही मिटू नये. उलट बाजूस त्याने प्रभागात काय केले ते लिहीत जावे, आणि वर्षातून एकदा देवळाच्या किंवा चर्चच्या आवारात त्याच्या समोर वाचावी.

ज्यांस अशी वही घालता येत नाही किंवा यादी लावून वाचता येत नाही, त्यांनी रविवारी दुपारी चार वाजता आमच्या घरी ओटीवर यावे, मग ते कोणत्या का उमेदवाराचे असोत. वही व पेन्सिल आपापली आणावी. बिर्याणी मिळणार नाही.