अळिंबीचे विकर आणि बालकाचा मुतखडा

मुतखडा झालेल्या बालकाला अळू-पालक वर्ज्य सांगून आपण मोकळे होतो. अळिंबीच्या एका जातीतील ‘ऑक्झलेट डीकार्बॉक्सिलेज’ हे विकर ऑक्झलेटचे विघटन करते. दिल्लीतील डॉ. आसिस दत्ता व सहकाऱ्यांनी त्याचे जनुक टोमॅटोत घातले. २०१३ च्या त्यांच्या शोधनिबंधानुसार फळातील ऑक्झलेट घटले. हे संशोधन निःसंशय स्तुत्य आहे. परंतु आनुवंशिक दोषामुळे ज्याचे यकृतच अतिरिक्त ऑक्झलेट निर्माण करते, त्या बालकाला केवळ आहार बदलून तारता येणार नाही. आपल्या बेलूर-धारवाड भागात नात्यांतील विवाह आजही होतात. म्हणून व्यवसायबंधूंना विनंती की, बालकाचा पहिला खडा आढळताच लघवीतील ऑक्झलेट अवश्य तपासावे. विलंबाची किंमत त्याची मूत्रपिंडे मोजतात.