बटण कोणी दाबायचं, हे आधी ठरवा

मुलांकडे अमेरिकेला गेलात की लास वेगासची सहल ठरतेच. कॅसिनो बघा, दहा-वीस डॉलर खेळा, हरकत नाही. पण आत शिरण्याआधी या गोष्टी घरातल्या सगळ्यांनी ऐकून ठेवा.

तिथे प्लेयर कार्ड फुकट मिळतं. ते बटण दाबून खेळायच्या स्लॉट मशीनमध्ये घातलं की तुमच्या खेळाची नोंद होते, पॉइंट जमतात. त्याचं काम एवढंच. कार्डाने नशीब उघडत नाही. आणि कार्ड तुमचं म्हणून जॅकपॉटही तुमचा, असं नाही.

जो बटण दाबतो, जॅकपॉट सहसा त्याचा. 2017 साली फ्लोरिडातल्या एका कॅसिनोत एका गृहस्थांनी स्वतःचे पैसे मशीनमध्ये घातले आणि मैत्रिणीला बटण दाबायला सांगितलं. एक लाख डॉलर लागले. कॅसिनोने ते तिलाच दिले. तेव्हा ‘आई, तू दाब गं’ म्हणताना एवढं लक्षात असू द्या.

आपापलं कार्ड, आपापलं मशीन. बसताना आधीच्या माणसाचं कार्ड आत राहिलंय का बघा. उठताना आपलं काढून घ्या.

पासपोर्ट जवळ ठेवा. मोठी रक्कम लागली की मशीन थांबतं. कर्मचारी येऊन ओळखपत्र मागतो, कराचा कागद करतो. त्यावर बटण दाबणाऱ्याचंच नाव द्या. भारतातून पाहुणे म्हणून गेलेल्यांचा 30 टक्के कर तिथेच कापतात. 10,000 डॉलर लागले तर हातात 7,000 येतील. लास वेगास ज्या नेवाडा राज्यात आहे, तिथे 21 वर्षांखालच्या नातवंडाला बटणाला हातही लावू देऊ नका. बक्षीस मिळणार नाही.

पडद्यावर आकडा झळकला म्हणून नाचू नका. 2011 साली आयोवातल्या एका आजींना मशीनने 4 कोटी डॉलरहून मोठा बोनस दाखवला. कॅसिनोने बिघाड सांगून तो नाकारला. 2015 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही कॅसिनोचंच म्हणणं मान्य केलं, कारण खेळाच्या नियमांत असा बोनस नव्हताच. आजींचे खरे पैसे झाले 1 डॉलर 85 सेंट. म्हणून नियमांचं पान आधी उघडा आणि सर्वांत मोठं बक्षीस किती, ते वाचा.

तरीही वाद झाला, तर असं करा.

मशीन सोडू नका. पुन्हा बटण दाबू नका.

पडद्याचा फोटो घ्या. वेळ आणि मशीनचा क्रमांक लिहून ठेवा.

सुपरवायझरला बोलवा. आवाज चढवू नका.

न वाचता कशावरही सही करू नका. इंग्रजी अडलं तर मुलाला शेजारी बसवा.

नेवाडात 500 डॉलर किंवा त्याहून मोठा वाद मिटला नाही, तर कॅसिनोनेच राज्याच्या गेमिंग कंट्रोल बोर्डाला लगेच कळवायचं असतं. रक्कम लहान असली तरी बोर्डाकडे दाद मागता येते. बोर्डाचा निकाल पटला नाही तर 20 दिवसांत फेरविचाराचा अर्ज करा. मूळ अमेरिकन जमातींच्या कॅसिनोंत मात्र त्या जमातीच्या गेमिंग आयोगाकडे जावं लागतं.

आणि घरून निघतानाच, गेले तरी चालतील एवढेच पैसे वेगळे काढा. ते संपले की उठा. फुकटच्या जेवणाचे पॉइंट जमवायला शंभर डॉलर घालवलेत, तर ते जेवण तुम्हालाच महाग पडेल.