संकोचाआड दडलेले दुखणे

नाशिक रोडच्या व्यापारी घरांत साठी ओलांडलेल्या स्त्रिया सामायिकाला बसणे हळूहळू कमी करतात, गजपंथाच्या पायऱ्या टाळतात, पालिताण्याच्या यात्रेला ‘पुढच्या वर्षी पाहू’ म्हणतात, तेव्हा घरची मंडळी गुडघ्यांना दोष देतात. पुष्कळदा कारण निराळे असते. खोकला आला, शिंक आली, जड डबा उचलला की लघवीचे थेंब गळतात. वस्त्र अशुद्ध झाले या भावनेने दोन घडींचे सामायिक पुरे करणेही जड वाटू लागते, आणि ही गोष्ट सुनेपाशीही बोलवत नाही. पुरुषही यातून सर्वस्वी सुटलेले नाहीत. प्रॉस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर काहींना गादीवर बसताना हीच धास्ती असते.

वास्तविक जैन परंपरेला देहधर्माचा असा संकोच कधीच नव्हता. पाच समित्यांपैकी एक समिती मलमूत्राच्या विसर्जनातील यतनेसाठीच आहे. कायोत्सर्गापूर्वीच्या अन्नत्थ सूत्रात खोकला, शिंक, जांभई, ढेकर, अपानवायू या अनिच्छेने घडणाऱ्या क्रियांचे आगार आधीच ठेवलेले आहेत. पूर्वाचार्यांनी जे मोकळेपणाने मांडले, ते घरात बोलताना मात्र जीभ अडखळते.

न बोलण्यातून जो उपाय निघतो तो अधिक घातक ठरतो : पाणी पिणेच कमी करणे. पाणी कमी झाले की लघवी दाट होते, मूत्राशय चिडते आणि घाई उलट वाढते. शिवाय बद्धकोष्ठ होऊन कुंथण्याचा भार त्याच दुबळ्या स्नायूंवर पडतो. चौविहार करणाऱ्यांनी तर दिवसाउजेडी पाण्याचा वाटा पुरता करावा. सकाळपासून थोडे थोडे प्यावे, सूर्यास्ताच्या तोंडावर एकदम तांब्या रिता करू नये.

ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय व गुदाशय तिच्यावर विसावलेले असतात. बाळंतपणे, वाढते वय, स्थूलता, जुनाट खोकला यांनी ती सैलावते. अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. अर्नोल्ड केगेल यांनी 1948 मध्ये या स्नायूंच्या व्यायामावर लेख प्रसिद्ध केला आणि तो व्यायाम त्यांच्याच नावाने रूढ झाला. हठयोगातील मूलबंध याच भागाशी निगडित आहे. फरक इतकाच, की मूलबंधात कुंभकाची जोड असते. या व्यायामात श्वास मुळीच रोखायचा नाही.

कृती साधी आहे. लघवी आणि वायू एकाच वेळी अडवल्याप्रमाणे तळाचे स्नायू आत आणि वर ओढावेत. पोट, मांड्या, नितंब सैल असावेत. चेहरा ताणला जात असेल तर चुकीचे स्नायू कामाला लागले असे समजावे. प्रारंभी तीन ते पाच सेकंद धरावे, तितकाच वेळ पूर्ण सैल सोडावे. सैल सोडणे विसरले जाते, पण त्याचे महत्त्व आवळण्याइतकेच आहे. असे आठ ते दहा वेळा, दिवसातून तीनदा. सवय झाल्यावर दहा सेकंदांपर्यंत जावे. सुरुवात पडून करावी, पुढे बसून, मग उभ्याने. दुकानात गिऱ्हाइकाची वाट पाहतानाही करता येतो, शेजारच्याला पत्ता लागत नाही. मात्र लघवी करताना मध्येच धार रोखून सराव करू नये. त्याने मूत्राशय पूर्ण रिते न होण्याची सवय लागते.

शिंक येणार असे जाणवताच आधी स्नायू आवळावेत, हा छोटा उपाय फार उपयोगी पडतो.

आठवड्याभरात फरक नाही म्हणून सोडून देणारे अनेक. येथे आवर्त ठेवीचा हिशेब लागू पडतो : हप्ता चुकवू नये, मुदत किमान तीन महिन्यांची धरावी. नंतरही थोडा सराव चालू ठेवावा, अन्यथा स्नायू पुन्हा सैलावतात.

लघवीत रक्त, जळजळ, ताप, लघवी अडकणे, ओटीपोटात वेदना, किंवा पायांत अशक्तपणासह अचानक सुटलेला ताबा असेल तर व्यायामाच्या आधी डॉक्टर. मधुमेहींनी साखरही तपासून घ्यावी, कारण वारंवार लघवीचे मूळ तेथेही असते. नेमका कोणता स्नायू आवळायचा हेच ज्यांना उमगत नाही, त्यांनी स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा मूत्ररोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने फिजिओथेरपिस्टकडून तो एकदा समक्ष शिकून घ्यावा. अशा वेळी सासूबाईंसोबत सुनेनेही जावे. बाळंतपणानंतर हा व्यायाम तिलाही उपयोगाचाच आहे.