गांजा, नैराश्य आणि कारणाचा रकाना

अमरावतीस किंवा अकोल्यास पोलिसांनीं गांजा पकडल्याची बातमी आतां वाचकांच्या अंगवळणीं पडली आहे. माल किती किलो होता, कोणत्या वाहनांतून आला, बाजारभावानें त्याची किंमत काय, हें सर्व त्या बातमींत असतें. पोत्यांमागें ओळीनें उभ्या राहिलेल्या अंमलदारांचें छायाचित्रही असतें. हा माल पकडला गेला नसता तर तो कोणाच्या चिलमींत पडला असता, आणि त्या मनुष्यास तो ओढावासा कां वाटला असता, एवढीच गोष्ट त्या बातमींत नसते. पोलिसांच्या कामगिरीस आम्ही उणें लेखीत नाहीं. आंध्र व ओडिशा ह्यांच्या सीमेवरील डोंगरांत पिकणारा गांजा पश्चिमेकडे निघतो, आणि हावडा-मुंबई लोहमार्ग तर बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला, शेगांव असा वऱ्हाडच्या मधोमध जातो. तो माल वाटेंत अडविणें अवश्य आहे. परंतु पोतें जप्त झालें म्हणून ओढणाऱ्याचें मन ताळ्यावर येत नाहीं, आणि आम्हांस आज त्या मनाविषयींच बोलावयाचें आहे.

गांजा ओढणाऱ्याविषयीं आपल्या समाजाजवळ दोनच मतें तयार आहेत. बैराग्यानें ओढिला तर ती शिवभक्ति. शेजारच्या पोरानें ओढिला तर तो गांजेकस. पहिल्याच्या पायां पडावयाचें, दुसऱ्यास दारांत उभें करावयाचें नाहीं. ह्या दोहोंपैकीं कोणासही, 'बाबा, तुला झोंप येते काय, जेवण जातें काय?' असें कोणी विचारीत नाहीं. आणि ओढणारे थोडेथोडके नाहींत. केंद्र सरकारनें दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेकडून करविलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ मध्यें प्रसिद्ध झाला. त्याप्रमाणें देशांत भांग, गांजा अथवा चरस घेणारे सुमारें ३ कोटी १० लाख लोक असून, त्यांपैकीं सुमारें ७२ लाखांस त्याच्या उपद्रवासाठीं मदतीची गरज आहे. एवढ्या सर्वांस दुर्जन ठरविणें सोपें आहे. मात्र त्यानें कोणाचें कांहीं भलें झालेलें नाहीं.

गांजा व मनाचे विकार ह्यांचा संबंध काय, हा वाद आजचा नव्हे. सन १८९३ मध्यें हिंदुस्थान सरकारनें ह्याच कामासाठीं मॅकवर्थ यंग ह्यांच्या अध्यक्षतेखालीं एक कमिशन नेमिलें. ११९३ साक्षीदारांच्या साक्षी घेऊन त्यानें १८९४ सालीं अहवाल दिला. गांजाचे हल्लींचे कैवारी ह्या अहवालाचा आधार फार घेतात. बेतानें घेतल्यास बहुतेकांस अपाय होत नाहीं, हें त्यांतील एक वाक्य ते सर्वत्र सांगत सुटतात. अतिरेकानें अपाय होतो, आणि ज्याची प्रकृति अगर आनुवंशिक कल मुळांतच नाजूक त्यास वेडही लागूं शकतें, हें त्याच अहवालांतील पुढचें म्हणणें मात्र गिळून टाकितात. ही वकिली झाली.

आम्हांस त्या अहवालांतील तिसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या काळच्या वेड्यांच्या इस्पितळांत रोग्याच्या नांवापुढें 'कारण' असा एक रकाना असे. तो पुष्कळदां वैद्याच्या तपासणीवरून भरला जात नसे; रोग्यास आणून सोडणाऱ्या पोलिसाच्या किंवा मॅजिस्ट्रेटच्या कागदांत जें असेल तेंच तेथें उतरविलें जाई. 'हा गांजा ओढी' असें कोणी म्हटलें कीं रकान्यांत गांजा पडला. कमिशननें १८९२ सालीं दाखल झालेल्या १३४४ रोग्यांचे कागद तपासले. त्यांपैकीं २२२ जणांच्या वेडाचें कारण गांजा-भांग असें लिहिलेलें होतें. एकेकाचा माग काढल्यावर त्यांतले ९८ च टिकले. उरलेल्या १२४ जणांस मुळांत काय झालें होतें, हें विचारण्याची कोणास गरजच वाटली नव्हती, कारण रकाना भरलेला होता.

सव्वाशें वर्षें लोटलीं तरी वऱ्हाडांत हा रकाना तसाच आहे. आंतला शब्द तेवढा बदलतो. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचें उदाहरण घ्या. मृताच्या कुटुंबास एक लाख रुपये द्यावयाचे कीं नाहीं, हें प्रकरण 'पात्र' कीं 'अपात्र' ह्यावर ठरतें. जमीन नांवावर आहे, बँकेचें किंवा परवाना असलेल्या सावकाराचें कर्ज आहे, वसुलीचा तगादा होता, एवढें सिद्ध झालें तर प्रकरण पात्र. व्यसन, आजार किंवा घरगुती कलह पुढें आला कीं बहुधा अपात्र. आतां विचार करा, नवऱ्यामागें दोन पोरें व चार एकर कोरडवाहू घेऊन बसलेली बाई तलाठ्यापुढें काय सांगेल? 'ते सहा महिने कोणाशीं बोलत नव्हते, रात्र रात्र जागत होते, आणि मग चिलीम ओढूं लागले', असें ती खरें बोलली तर एक लाख रुपये गेले. ती बोलत नाहीं, आणि आम्ही तिला दोष देत नाहीं. परंतु तिच्या मौनानें भरलेल्या कागदांवरूनच पुढें योजना आंखल्या जातात, त्यामुळें मनाच्या आजाराची नोंदच कोठें होत नाहीं.

आमच्या म्हणण्याचा विपर्यास होऊं नये. कर्ज खरें आहे, पावसाची लहर खरी आहे, कपाशीच्या भावाचा घात खरा आहे. जो कोणी हें सर्व 'मनाचे खेळ' म्हणून उडवून लावील त्यास वऱ्हाड ठाऊक नाहीं. पण अंगावर पाऊस झेलल्यानें ज्याची छाती भरली त्याचें गळकें छप्पर शाकारितांना त्याची छाती तपासूं नये, असा न्याय कोणता? नैराश्य हा आजार आहे. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन बसलेलें, कशांत गोडी नाहीं, झोंप व भूक गेलेली, आपण कवडीमोल आहों असा ध्यास. हीं त्याचीं ढोबळ लक्षणें आहेत, आणि त्यावर उपचार आहेत.

हें झालें कर्त्या माणसांचें. पोरांच्या बाबतींत रकाना याहूनही सोपा आहे. तेथें एकच शब्द असतो: 'संगत'. अकोल्यास वैद्यकीय प्रवेशाच्या शिकवणीसाठीं आणि अमरावतीस महाविद्यालयांत खेड्यांतून मुलें येतात, भाड्याच्या खोलींत राहतात. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा. बापानें कर्ज काढून फी भरलेली. दर आठवड्याच्या परीक्षेंत नंबर खालीं जात आहे. घरीं सांगण्याची सोय नाहीं. अशा मुलास कोणी गांजा दिला तर पहिल्या कांहीं रात्रीं त्यास खरोखरच बरें वाटतें, झोंप लागते. पुढें त्याच झोंपेसाठीं अधिक लागतो. सोडूं म्हटलें तर पहिले एक-दोन आठवडे चिडचीड होते, अन्न नकोसें होतें, झोंप पार उडते. त्याला वाटतें, जुनें दुखणें उलटलें. वास्तविक तें गांजा सुटण्याचें दुखणें असतें. तो पुन्हां ओढतो. 'संगत' ह्या एका शब्दांत ह्यांतलें कांहींच येत नाहीं.

कोवळ्या वयाचा प्रश्न निराळा कां, ह्याविषयीं परदेशीं बरेंच काम झालें आहे. १९८७ सालीं स्वीडनमधील ४५ हजारांहून अधिक तरुण सैनिकांच्या अभ्यासांत, पन्नासाहून अधिक वेळां गांजा ओढलेल्यांत स्किझोफ्रेनियाचें प्रमाण न ओढणाऱ्यांच्या सुमारें सहापट आढळलें. २०१९ मध्यें अकरा अभ्यास एकत्र करून, म्हणजे सुमारें २३ हजार मुलांच्या माहितीवरून असें दिसलें कीं, किशोरवयांत गांजा ओढणाऱ्यांस तरुणपणीं नैराश्य येण्याचा संभव सुमारें सदतीस टक्क्यांनीं अधिक, आणि आत्महत्येच्या प्रयत्नाचा तर तिपटीहून अधिक असतो. ओढणारा प्रत्येक मुलगा आजारी पडतो असा ह्याचा अर्थ नव्हे. आणि कित्येकदां आजार आधीं व गांजा मागून येतो. पण दोहोंपैकीं पहिलें कोणतेंही असो, उपचार दोहोंवर एकत्रच करावे लागतात. कमिशनच्या साक्षीदारांपुढें वयांत आलेल्या माणसांची चिलीम होती. पंधरा वर्षांच्या मेंदूची, जो अद्यापि घडत आहे त्याची, चर्चा तेव्हां झालीच नव्हती.

आपल्याकडील मुलांची स्थिति काय? २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणींत तेरा ते सतरा वर्षांच्या मुलांपैकीं ७.३ टक्के कोणत्या ना कोणत्या मानसिक विकारानें पीडित आढळलीं. पाहणी बारा राज्यांत झाली. त्यांत महाराष्ट्र नव्हता. ज्या राज्यांत वऱ्हाड आहे, त्या राज्यावांचून हिशेब मांडला गेला!

मग उपाय कोठून आणावयाचा? फार दूर जावयास नको. अमरावती जिल्ह्यांतील तीस खेड्यांत 'विश्राम' नांवाचा एक उपक्रम झाला. वऱ्हाडांत मनाचा आजार म्हटला कीं १८६४ सालचें नागपूरचें मनोरुग्णालय आठवतें, आणि तेथें नेणें म्हणजे घराण्यास डाग अशी समजूत. विश्राममध्यें रोग्यास नागपुरास न्यावयाचें नव्हते. गांवांतल्याच आरोग्य कार्यकर्त्यांस नैराश्य ओळखावयास व धीर देऊन ऐकून घ्यावयास शिकविलें, त्यांच्यावर एक समुपदेशक ठेविला, आणि गंभीर रोगी तेवढे मनोविकारतज्ज्ञाकडे पाठविले. आरंभीं नैराश्यानें पीडित अशा शंभरांपैकीं अवघे चार जण कोणाकडे तरी मदतीस जात. अठरा महिन्यांच्या कामानंतर सत्तावीस जाऊं लागले. आत्महत्येचे विचार मनांत आलेल्यांचें प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आलें. २०१७ सालीं हें सर्व 'लॅन्सेट' गटाच्या वैद्यकीय मासिकांत छापून आलें, जगभर वाचलें गेलें. अमरावतींत तें किती जणांनीं वाचलें?

ह्याच शहरानें १९१४ सालीं शरीर कमावण्यासाठीं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढिलें. येथेंच पंजाबराव देशमुखांनीं १९३२ मध्यें शिवाजी शिक्षण संस्था उभारली. मनाच्या आरोग्यास मात्र आपण अजून एखादा ओटाही बांधिला नाहीं. गाडगेबाबा आणि तुकडोजी महाराज ह्याच जिल्ह्याचे. व्यसनाविरुद्ध त्यांनीं जन्मभर कीर्तनांत, भजनांत सांगितलें, आणि गांवानें ऐकलें. गांवोगांवच्या सामुदायिक प्रार्थनेनंतर पांच मिनिटें नैराश्याच्या लक्षणांविषयीं कोणी बोललें, तर त्या परंपरेस तें शोभेलच.

कायद्याची अडचण सांगितली जाते, ती अर्धीच खरी. १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्यानें गांजा ओढणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊं शकते. परंतु त्याच कायद्याच्या ६४-अ कलमानें, स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनीवर खटला चालत नाहीं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यास तीव्र मानसिक ताणाखालीं समजून त्यास शिक्षेऐवजीं मदत द्यावयाची आहे. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ ह्या दूरध्वनिक्रमांकावर रात्रंदिवस, मराठींतही, फुकट सल्ला मिळतो. हे तिन्ही आधार पोलिस ठाण्याच्या, वसतिगृहाच्या आणि शिकवणीच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लागले पाहिजेत. शिकवणीवाल्यांनीं गुणवंतांच्या तसबिरींतून थोडी जागा काढावी. भिंत पुष्कळ मोठी असते.

सरकारकडे आमचें मागणें दोन गोष्टींचें आहे. वऱ्हाडच्या प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणीं, आठवडी बाजाराच्या दिवशीं, मनोविकारतज्ज्ञ बसावा. कारण त्या दिवशीं खेड्यांतला मनुष्य शहरांत येतोच, आणि बाजाराची पिशवी हातांत असली म्हणजे 'कोठें गेला होतास' असें कोणी विचारीत नाहीं. दुसरें, आत्महत्येच्या चौकशींतून कुटुंबाची मदत आणि मृत्यूचें कारण ह्यांची गांठ सोडवावी. मदत विधवेच्या गरजेवरून द्यावी; आजाराची आणि व्यसनाची माहिती निराळ्या कागदावर, वैद्यकीय अधिकाऱ्यानें, घरच्यांशीं बसून, मदतीवर त्याचा कांहीं परिणाम होणार नाहीं असें लेखी सांगून घ्यावी.