विश्लेषण : विमान दुरुस्त करणारा नेमका कोण? मेकॅनिक, टेक्निशियन की इंजिनिअर?

विमान धावपट्टीकडे निघण्याआधी खाली उभा असलेला चमकदार जॅकेटमधला एक माणूस वैमानिकाला अंगठा दाखवतो. खिडकीतून पाहणारे प्रवासी त्याला ‘ग्राउंड स्टाफ’ म्हणून मोकळे होतात. बऱ्याचदा तो विमान देखभाल अभियंता, म्हणजे एएमई असतो आणि त्याच्या सहीशिवाय ते विमान हललेलंच नसतं. तरीही ‘तुम्ही खरे इंजिनिअर का?’ हा प्रश्न या मंडळींना नातेवाइकांपासून बँकेच्या कर्ज विभागापर्यंत सगळीकडे ऐकावा लागतो.

नावाचा गोंधळ कुठून आला?

गोंधळ आंतरराष्ट्रीय आहे, तोही अधिकृत. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने (आयकाओ) कर्मचारी परवान्यांच्या परिशिष्ट १ मध्ये या परवान्यापुढे कंसात तीन शब्द दिले आहेत : टेक्निशियन, इंजिनिअर, मेकॅनिक. यातला जो शब्द पसंत असेल तो प्रत्येक देशाने वापरावा, अशी मुभा आहे. काम तेच, परवान्यामागची किमान अपेक्षाही तीच, नाव मात्र ज्याचं त्याने ठरवायचं.

भारत, ब्रिटन आणि कॅनडा ‘इंजिनिअर’ म्हणतात. अमेरिकेत परवान्यावर ‘मेकॅनिक’ लिहिलेलं असतं. तिथल्या नियामकाने, म्हणजे एफएएने १९९८ मध्ये हे नाव बदलून ‘एव्हिएशन मेंटेनन्स टेक्निशियन’ करण्याचा प्रस्ताव आणला आणि पुढे मागे घेतला. गंमत म्हणजे दर वर्षी २४ मेला तिथे याच लोकांचा दिवस साजरा होतो तो ‘टेक्निशियन’ या नावाने. राइट बंधूंच्या १९०३ च्या विमानाचं इंजिन घडवणारे चार्ल्स टेलर यांचा तो जन्मदिवस. टेलर स्वतः राइट बंधूंच्या सायकल दुकानातले कारागीर होते. अभियांत्रिकीची पदवी त्यांच्याकडे नव्हती.

भारतात एएमई कसं होता येतं?

बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवं. त्यानंतर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने (डीजीसीए) मान्यता दिलेल्या संस्थेत प्रशिक्षण, विषयवार परीक्षा आणि चालू विमानांवर प्रत्यक्ष कामाचा अनुभव. मग परवाना मिळतो. तो ‘कार-६६’ या नियमावलीनुसार असतो. त्यात बी-१ म्हणजे विमानाचा सांगाडा, इंजिन आणि यांत्रिक भाग, तर बी-२ म्हणजे एव्हिऑनिक्स. ‘ए’ परवानाधारकाला मोजकी साधी कामं, तीही स्वतः केलेली, प्रमाणित करता येतात. ‘सी’ हँगरमधल्या मोठ्या देखभालीनंतर संपूर्ण विमान सेवेत सोडण्यासाठी.

एवढ्यावर भागत नाही. विमानाच्या प्रत्येक प्रकारासाठी वेगळं प्रशिक्षण आणि कंपनीचं अधिकारपत्र लागतं. एअरबस ए-३२० वर सही करणारा माणूस केवळ तेवढ्या बळावर बोइंग ७३७ वर सही करू शकत नाही.

पदवी आणि परवाना यांत फरक काय?

पालक आणि विद्यार्थी इथेच फसतात. एएमई हा परवाना आहे, पदवी नाही. एरोनॉटिकल इंजिनिअरिंगमध्ये बीटेक झालेला विमानाची रचना, हवेचे दाब, धातूंवरचा ताण शिकतो. पण परवान्याशिवाय त्याला एकही विमान उड्डाणासाठी सोडता येत नाही. उलट पंचवीस वर्षं विमानं सोडणाऱ्या एएमईला पदवी मागणाऱ्या सरकारी नोकरीसाठी अर्जच करता येत नाही. काही संस्था परवान्याच्या प्रशिक्षणाला जोडून विज्ञानाची पदवी देतात ती ही अडचण ओळखूनच. प्रवेशाच्या जाहिरातीत मात्र ‘इंजिनिअर’ मोठ्या अक्षरांत असतो आणि परवाना मिळेपर्यंतची वर्षं कुठे दिसत नाहीत.

यात कायदा काही सांगत नाही का? वास्तुविशारद ही उपाधी १९७२ च्या कायद्याने राखीव आहे, डॉक्टर-वकिलांचीही नोंदणी लागते. ‘इंजिनिअर’ या शब्दाला भारतात असं कायदेशीर कुंपण नाही. त्यामुळे एएमई स्वतःला इंजिनिअर म्हणवतो ते चूक नाही. पण त्यातून त्याला वेगळं संरक्षणही मिळत नाही.

मग टेक्निशियन कोण?

हँगरमध्ये पाना हातात घेऊन प्रत्यक्ष काम करणारे बरेच जण परवानाधारक नसतात. ते टेक्निशियन. नागपूरच्या मिहानमधील देखभाल केंद्रासारख्या ठिकाणी काम चालतं ते याच मनुष्यबळावर. काम त्यांनी करायचं, तपासून सही एएमईने करायची. जबाबदारी सहीवाल्याची असल्याने पगारातली दरीही मोठी. जुलै २०२२ मध्ये इंडिगोचे अनेक टेक्निशियन कमी वेतनाच्या निषेधार्थ एकाच वेळी आजारपणाच्या रजेवर गेले होते, ते याच दरीमुळे चर्चेत आले.

कामगार कायद्याच्या बाबतीत तर उलटाच प्रकार आहे. पदनामापेक्षा प्रत्यक्ष काम काय, हे न्यायालयं पाहतात. तांत्रिक काम करणारा ‘कामगार’ ठरतो, पण ठरावीक वेतनाच्या वरचा पर्यवेक्षक त्या व्याख्येबाहेर जातो. म्हणजे मोठं पदनाम कधी कधी कंपनीच्याच सोयीचं असतं.

प्रवाशाला याचं काय?

त्याच महिन्यात, जुलै २०२२ मध्ये, विमानांत एकामागून एक बिघाड झाल्यानंतर डीजीसीएने अचानक तपासण्या केल्या. बिघाडाचं कारण नीट न शोधणं, दोष तात्पुरता पुढे ढकलून विमान सोडण्याचं वाढतं प्रमाण आणि सहीचा अधिकार असलेल्यांची कमतरता, असं चित्र समोर आलं. मधल्या थांब्यांवर ‘ए’ परवानाधारकांना एकेका वेळेपुरते अधिकार देऊन काम भागवलं जात होतं. यापुढे मुख्य तळावर आणि मधल्या थांब्यांवरही बी-१ किंवा बी-२ परवानाधारकानेच विमान सोडावं, असा आदेश निघाला. त्यासाठी कंपन्यांना २८ जुलैपर्यंतची मुदत होती.

रात्री अडीचला विमान उशिरा येतं, सकाळी सहाचं उड्डाण ठरलेलं असतं आणि इंजिनच्या एका भागाबद्दल शंका असते. ‘नाही, हे विमान जाणार नाही’ असं म्हणण्याचा अधिकार त्या वेळी त्या एकाच माणसाकडे असतो. त्याला व्यवस्थापन सही करणारा हात समजतं की निर्णय घेणारा व्यावसायिक, यावर तो किती ठामपणे ‘नाही’ म्हणेल हे बरंच अवलंबून असतं.